‘आय७’च्या पुढचे आकडे

प्रश्न : औशात माझं झेरॉक्स आणि मराठी टायपिंगचं छोटं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. ऑनलाइन फॉर्म भरून देणं, सातबारा काढणं, लग्नपत्रिका, ठराव, अर्ज अशी कामं दिवसभर असतात. विंडोज ७ वरचा जुना संगणक आता रडतखडत चालतो. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरूनच जाऊन-येऊन करतो. नवीन घ्यायचाच तर गेम चालतील असा घ्या, असा त्याचा हट्ट. व्हॅलोरंट, जीटीए ५, आणि पुढे जीटीए ६. दोघांत मिळून एकच संगणक घ्यायचा आहे. साठवलेले ५० हजार आहेत, लागलेच तर बचत गटातून २० उचलीन.

लातूरहून दोन कोटेशनं आणली. पहिलं ३२ हजारांचं : ‘आय७ ३.४ गीगाहर्ट्झ, १६ जीबी डीडीआर३, ४ जीबी ग्राफिक्स, ५१२ एसएसडी, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट, विंडोज फ्री’. दुसरं ६८,५०० चं : ‘आय५-१२४००एफ २.५ गीगाहर्ट्झ, एच६१० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४, आरटीएक्स ३०५०, ५१२ एनव्हीएमई, ६०० वॅट गेमिंग एसएमपीएस, २४ इंची मॉनिटर, सहा फॅनचं आरजीबी कॅबिनेट, गेमिंग कीबोर्ड-माउस’. पहिला दुकानदार म्हणतो, आय७ हा आय५ च्या वरचा आणि ३.४ हे २.५ पेक्षा जास्त. मग तो स्वस्त कसा? भाऊ म्हणतो, सरळ लॅपटॉप घे. आमच्याकडे लाइटचाही भरवसा नाही. काय करू?
— एक वाचक, औसा

ताई, नमस्कार.

‘मग तो स्वस्त कसा?’ याचं उत्तर त्या दुकानदाराच्याच कागदावर आहे, ‘डीडीआर३’ या एका शब्दात. ही जुन्या जातीची रॅम साधारण इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या मशीनना लागायची. त्या काळातले ३.४ गीगाहर्ट्झचे आय७ म्हणजे २६००, ३७७० आणि ४७७०. पहिला २०११ सालचा, दुसरा २०१२ चा, तिसरा २०१३ चा. तुम्हाला दाखवलेला आय७ जवळजवळ नक्की या तिघांतलाच एक. मोठमोठ्या ऑफिसांतून भंगारात निघालेली अशी मशीनं घाऊक भावात येतात, मग त्यांना नवं कॅबिनेट, रंगीत दिवे आणि ‘गेमिंग पीसी’ हे नाव मिळतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आय३, आय५, आय७ ही उतरंड एकाच पिढीत खरी. पिढी बदलली की ती लावायची नाही. म्हणून ‘आय७’च्या पुढचा आकडा विचारायचा. ३७७० मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, १२४०० मधले पहिले १२ म्हणजे बारावी. आय७-३७७० मध्ये चार कोअर, म्हणजे काम करणारे मेंदू, आहेत, २०२२ सालच्या आय५-१२४०० मध्ये सहा. आणि ते २.५ गीगाहर्ट्झ? तो १२४०० चा मूळ वेग. काम पडलं की तो ४.४ पर्यंत चढतो. शिवाय त्याच गीगाहर्ट्झला नवा प्रोसेसर जुन्यापेक्षा बरंच जास्त काम उरकतो. दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, पण निम्मंच बोलला.

‘४ जीबी ग्राफिक्स’ हा त्याच जातीचा शब्द. कार्डाचं नाव न लिहिता नुसते जीबी लिहिले असतील आणि भाव एवढा कमी असेल, तर बहुतेक वेळा आत जीटी ७३० निघतं. हे कार्ड २०१४ सालचं. मेमरी ४ जीबी असली तरी तिच्यातून माहिती आत-बाहेर होण्याचा वेग कुठल्या प्रकारचं कार्ड आहे त्यानुसार सेकंदाला १४ ते ४० जीबीच्या आसपास. आरएक्स ६६०० सारख्या मध्यम कार्डाचा हाच वेग २२४ आहे. गेमला उपयोग या वेगाचा होतो, नुसत्या साठ्याचा नाही.

तुमच्या धंद्याच्या दृष्टीनं मात्र खरी अडचण वेगळीच आहे. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे त्या आय७ वर तुम्ही एकतर सुरक्षेचे अपडेट थांबत चाललेली विंडोज वापरणार, नाहीतर जुगाड करून बसवलेली. त्यातही कागदावर ‘फ्री’ लिहिलंय, म्हणजे चोरीची. अशी विंडोज चालू करायला जी अ‍ॅक्टिव्हेटर नावाची फाइल मारतात, तिच्याबरोबर आणखी काय काय आत येतं ते मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तुमच्या मशीनवर गावातल्या लोकांची आधार कार्डं, पासबुकं, जातीचे दाखले पडलेले असतात. तिथे हा धोका घेऊ नका. मुलाला सांगायचं झालं तर एवढंच सांगा की विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (बोर्डातली किंवा प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना मशीन विंडोज अस्सल आहे का ते तपासते ती सोय) लागतं आणि त्या मशीनमध्ये टीपीएम २.० नसणार. तो लगेच गप्प बसेल.

पहिलं कोटेशन बाजूला ठेवू. दुसरं बरं आहे, माणसानं जरा विचार करून केलंय. पण त्यातही चार ठिकाणी बोट ठेवायला जागा आहे.

सगळ्यात महत्त्वाचं बोट ‘एफ’ या अक्षरावर. आय५-१२४००एफ आणि आय५-१२४०० हे कामाला सारखेच, फरक इतकाच की एफवाल्यात स्वतःचा डिस्प्ले नसतो. पडद्यावर काहीही दिसायचं तर ग्राफिक्स कार्डच हवं. फक्त गेम खेळणाऱ्या पोराला एफ घ्यायला मीही सांगते, पैसे वाचतात. तुमचं तसं नाही. कार्ड बिघडलं की ते वॉरंटीत कंपनीकडे जाणार, आणि परत यायला दोन-तीन आठवडे सहज लागतात. तेवढे दिवस एफवालं मशीन म्हणजे बंद पेटी. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत हे झालं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल आणि तिकडचंच होईल. एफ नसलेला घेतला तर केबल मदरबोर्डच्या पोर्टात लावायची आणि टायपिंग चालू. हजार-दोन हजार जास्त गेले तरी जाऊ द्या.

या एका अक्षरातून तुमचा बचत गटाचा प्रश्नही सुटतो. एफ नसलेल्या प्रोसेसरवर मशीन कार्डाशिवाय चालतं, म्हणून कार्ड आज घ्यायलाच हवं असं राहत नाही. आत्ता पन्नासच्या आसपास प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, चांगला एसएमपीएस, साधं कॅबिनेट आणि खरी विंडोज बसवा. मॉनिटर बसला तर बसला, नाहीतर तोही थांबवा. कार्ड दिवाळीला. तोवर व्हॅलोरंट खालच्या सेटिंगवर चालेल. जीटीए ५ कुंथत चालेल, त्याबद्दल पोरगा कुरकुर करेल, करू द्या. गेमच्या कार्डासाठी व्याजानं पैसे उचलणं मला पटत नाही.

दुसरं बोट ‘आरटीएक्स ३०५०’ वर. या एकाच नावानं ८ जीबीचं आणि ६ जीबीचं अशी दोन कार्डं विकली जातात. ६ जीबीवाल्यात मेमरी कमी आहे हे नावावरूनच कळतं, पण आतला चिपही छाटलेला आहे हे कळत नाही : २५६० कोअरच्या जागी २३०४, आणि मेमरीचा वेग २२४ वरून १६८. कोटेशनवर नुसतं ३०५० लिहिलेलं असेल तर हातात ६ जीबीचंच पडेल असं धरून चला. दिवाळीला घ्याल तेव्हा आधी आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ५०५० चा भाव विचारा. दोन्ही ८ जीबीची आहेत आणि साध्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर दोन्ही ३०५० च्या पुढे. मुलाला मित्राकडून जुनं आरएक्स ५८० स्वस्तात मिळत असेल तर त्याला अडवा. त्यातली बरीच कार्डं क्रिप्टोच्या खाणकामात रात्रंदिवस राबलेली असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं खाणकाम बंद पडलं आणि अशा कार्डांचा सेकंडहँड बाजारात पूर आला. त्यातच ‘५८० २०४८एसपी’ नावाचं एक कार्ड फिरतं, त्याचा जीव खालच्या आरएक्स ५७० एवढाच असतो.

तिसरं बोट रॅमवर. ‘१६ जीबी’ म्हणजे १६ ची एक पट्टी की ८-८ च्या दोन? दोन घ्या. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते, आणि कार्ड नसतानाच्या तुमच्या पहिल्या काही महिन्यांत तर गेमला याचा फरक डोळ्यांना दिसेल इतका पडतो. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची उचल प्रचंड वाढली, त्याची झळ थेट औशापर्यंत आली आहे. एसएसडीचंही तेच. म्हणून कोटेशनची मुदत विचारा, महिन्यापूर्वीचा कागद घेऊन गेलात तर दुकानदार हात वर करेल आणि त्यात त्याची चूक नसेल. डीडीआर५ च्या नव्या बोर्डाच्या मोहात आत्ता पडू नका. एच६१० वर डीडीआर४ पुरे. ५१२ जीबीची एसएसडी गेमांना लवकरच अपुरी पडेल, जीटीए ५ एकटाच शंभर जीबीच्या वर जागा खातो. पण बोर्डावर साटा, म्हणजे केबलनं जोडायची, एसएसडी नंतर जोडता येते, तेव्हा तेही पुढे ढकलता येईल.

चौथं बोट एसएमपीएसवर, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. ‘६०० वॅट गेमिंग’ हे कंपनीचं नाव नव्हे. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या बिननावाच्या एसएमपीएसवर छापलेले वॅट आणि तो खरोखर देऊ शकतो ते वॅट यांचा फारसा संबंध नसतो. हातात घेऊन पाहिलात तरी कळतं, डबा हलका लागतो. मशीनमध्ये सगळ्या भागांना वीज हाच वाटतो, आणि तो जाताना एकटा जात नाही, सोबत बोर्ड किंवा कार्डही घेऊन जातो. ज्या गावात लाइट दिवसातून चारदा येते-जाते तिथे यावर पैसे वाचवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. नावाजलेल्या कंपनीचा, ५५० वॅटचा, ‘८० प्लस ब्रॉन्झ’ लिहिलेला घ्या. ते प्रमाणपत्र वीज वाया न घालवण्याचं आहे, टिकण्याचं नाही. म्हणून त्याबरोबर वॉरंटी किती वर्षांची ते पाहा. पाच वर्षांची मिळाली तर उत्तम. यासाठीचे पैसे सहा फॅन, दिवे आणि ‘गेमिंग’ कीबोर्ड कापून काढा. कॅबिनेट पुढून जाळीचं हवं, काचेचं नको. लातूरकडचा मे महिना आणि झेरॉक्सच्या दुकानातली कागदाची धूळ, दोन्ही त्याला सोसायची आहेत. जमिनीवर ठेवू नका, झेरॉक्स मशीनच्या शेजारी तर नकोच.

मॉनिटरबद्दल थोडक्यात : नुसतं ‘२४ इंची’ पुरत नाही. आयपीएस पॅनेल, १९२० बाय १०८०, आणि १०० हर्ट्झ किंवा त्याहून जास्त असं लिहून घ्या. तुम्ही दिवसभर अक्षरं वाचणार, आयपीएसचा फायदा मुलापेक्षा तुम्हालाच जास्त. जुना मॉनिटर टाकू नका. त्याला निळी व्हीजीए केबल असेल. नव्या कार्डांना ते पोर्ट नसतं, पण एच६१० च्या बऱ्याच बोर्डांना असतं, आणि प्रोसेसर एफ नसल्यामुळे ते चालतंही. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगांत, एक सेटिंग चालू करून घेतलं की दोन्ही पडदे एकदम चालतील. एकावर गिऱ्हाइकाचं कागदपत्र, दुसऱ्यावर फॉर्म. सवय लागली की सोडवणार नाही. कार्ड आल्यावर नव्या मॉनिटरची केबल मात्र आठवणीनं कार्डाच्या पोर्टात लावा. कित्येक घरांत ती मदरबोर्डलाच राहते आणि वीस हजारांचं कार्ड आत नुसतं बसून असतं.

लॅपटॉपचं म्हणाल तर मुलगा हॉस्टेलला जाणार असता तर मी भावाच्या बाजूनं बोलले असते. तो घरी आहे आणि मशीनवर दिवसभर तुमचं पोट आहे. त्याच पैशांत डेस्कटॉप जास्त काम देतो आणि एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो.

आता दुकानात काय करायचं ते. बिल जीएसटीचं घ्या, आणि त्यावर प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव आणि सिरियल नंबर. ‘असेंबल्ड पीसी – १ नग’ असं बिल घेऊन घरी येऊ नका, वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी असते आणि ती सिरियल नंबरवर मिळते. खोके माळ्यावर ठेवा. पैसे देण्याआधी मशीन चालू करायला लावा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’वर गेलात की प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं, मेमरीवर टिचकी मारली की रॅम किती, कुठल्या वेगानं आणि किती स्लॉटमध्ये आहे ते दिसतं. तिथे ‘२ पैकी २’ हवेत आणि शेवटी एफ नको. दिवाळीला कार्ड बसवलं की त्याच यादीत तळाशी कार्डाचं नाव येईल. एका मिनिटाचं काम आहे आणि ते करणाऱ्या गिऱ्हाइकाशी दुकानदार पुढच्या वेळी नीट बोलतो.

लाइटचं. तुमच्याकडे आत्ता यूपीएस असेल तर तो बहुधा ६०० व्हीएचा, म्हणजे जेमतेम ३६० वॅटचा. टायपिंगला तो भरपूर आहे. कार्ड आल्यावर गेम चालू असताना मशीन आणि मॉनिटर मिळून तीनशे वॅटच्या आसपास ओढतील, आणि बॅटरी तीन वर्षं जुनी असेल तर लाइट गेल्याबरोबर तोही मान टाकेल. कार्ड घ्याल तेव्हा एक केव्हीएचा यूपीएस धरा, तोवर जुन्याची बॅटरी बदलून भागवा. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका. कागद गरम करताना तो एकदम इतकी वीज खेचतो की यूपीएस ट्रिप होतो आणि अर्धवट भरलेला फॉर्म जातो. झेरॉक्सचंही तसंच, दोन्ही थेट भिंतीवर. आणि नवं मशीन येण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. आत्ताच्या कॅबिनेटच्या पत्र्याला अनवाणी उभं राहून बोट लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असंच समजा.

एका मशीनवर दोघं बसणार, म्हणून विंडोजमध्ये दोन खाती काढा. अ‍ॅडमिनचं तुमचं, पासवर्ड तुमच्याकडेच. मुलाचं साधं खातं, म्हणजे काहीही इन्स्टॉल करायचं तर तो तुमच्याकडे येईल. पेनड्राइव्हवरून आणलेले क्रॅक गेम बंद. व्हॅलोरंट तर फुकटच आहे, जीटीए ५ सेलमध्ये स्वस्त होतो, वाट पाहायला सांगा. गिऱ्हाइकांची कागदपत्रं काम झालं की पुसत चला, हिशोब आणि पत्रिकांच्या फाइली आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून ठेवा. गेम खेळून पोरगा बिघडेल का, ही धास्ती पत्रात दोन ओळींच्या मधे दिसते. त्यावर मी काय बोलणार, पण मशीन दुकानात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर राहणार आहे हे बरं आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कायद्यानं बंदी आणली. व्हॅलोरंट आणि जीटीए त्यात मोडत नाहीत.

जीटीए ६ साठी मात्र त्यानं एक रुपयाही जास्त मागू नये. कंपनीनं जाहीर केलेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सची आहे. पीसीसाठी तारीख दिलेलीच नाही, मग त्याला कुठलं कार्ड लागेल हे लातूरचा दुकानदार कशावरून सांगणार?

राहिला तुमचा जुना संगणक. पत्रिका तुम्ही पेजमेकर आणि जुन्या श्रीलिपीवर करत असाल तर तो विकू नका. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे, विंडोज ११ वर ती नीट चालेलच याची हमी कुणी देणार नाही, आणि जुन्या प्रिंटरच्या ड्रायव्हरचंही असंच होऊ शकतं. प्रिंटरचं मॉडेल कंपनीच्या साइटवर टाकून विंडोज ११ चा ड्रायव्हर आहे का ते खरेदीआधीच बघा. जुन्याचं इंटरनेट काढून टाका आणि त्याला फक्त पत्रिकांना ठेवा. दहा-बारा वर्षांची तयार डिझाइनं त्याच्यात असतील, ती युनिकोडमध्ये आणण्याचं काम सुट्टीत मुलाकडून करून घ्या. कार्डाचे निम्मे पैसे त्यातून कापून द्यायचे ठरवलंत तर तो दिवाळीच्या आत संपवेल.